दुहेरी तावदान

सगळे त्याला गुपचूप म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. "गुपचूप, उद्या येतोस का? मागच्या खिडकीचं तावदान गेलंय," एवढा निरोप मिळाला की हा माप घ्यायला हजर. काच कशी फुटली, हे त्यानं जन्मात कुणाला विचारलं नाही, आणि लोकांना नेमकं तेच हवं असे. चेंडू लागून फुटतात त्याहून कितीतरी जास्त काचा सांगायची लाज वाटेल अशा तऱ्हेनं फुटतात. हे काच बसवणाऱ्याला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

न विचारायचा धडा त्याला बापानं दिला होता, तोही काही मांडीवर बसवून नव्हे. काम शिकायला लागला त्या दिवसांत एका घरी माप घेता घेता त्यानं सहज विचारलं, "कुणी फोडली हो?" घरमालकानं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर हाणली. परत हाणली. बाप मधे आला तेव्हा त्याला वाटलं, आता बाप मालकाचा हात धरणार. बापानं पोराच्याच कानफटात दिली आणि मालकाची माफी मागितली. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "आपण काच बसवायला जातो, चौकशा करायला नाही. फोडणाऱ्यानं फोडावी, आपण बसवावी. कळलं?" त्याला कळलं. फाटलेल्या ओठावर पुढे मिशीसुद्धा कधी धड आली नाही.

विचारत नसला तरी त्याला दिसत सगळं होतं. दगडानं पडलेलं भोक वेगळं, फेकून मारलेल्या पातेल्यानं पडलेलं वेगळं. कोपर बसलं असेल तर तडे खालच्या अंगाला जातात. डोकं आपटलं असेल तर काच बहुतेक वेळा चौकटीतच राहते, गोल गोल तडे पसरतात आणि मधल्या चुऱ्यात एखाददुसरा केस अडकलेला असतो. तो केस हा मुकाट्यानं पटाशीच्या टोकानं काढी, कागदात गुंडाळून आपल्याच पिशवीत टाकी आणि नवी काच बसवायला घेई. घरातली बाई कपाळावर हात धरून दारात उभी असे. हा तिच्याकडे न बघता चहा पिई आणि निघून येई. मला विचाराल तर हा निव्वळ भेकडपणा होता. त्याला मात्र तो धंद्याचा कायदा वाटे, आणि कायदा पाळणाऱ्याला झोप चांगली लागते.

माणसांशी शब्दानं न बोलणारा हा गृहस्थ खिडक्यांशी मात्र कडाकडा भांडायचा. काचेच्या कडेनं भरायची लांबी वाळून तिचे पोपडे निघाले असले की पटाशीनं ती उखडता उखडता त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. "लाकडाला आधी तेल पाजायला काय झालं होतं? कोरड्या लाकडानं लांबीतलं तेल पिऊन टाकलं, आता गळेल नाहीतर काय होईल!" कुणी काच चौकटीत ठासून बसवलेली दिसली की त्या अनोळखी कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार. उन्हात काच फुगते, तिला चहूबाजूंनी जरा मोकळी जागा लागते, ती दिली नाही की एक दिवस कुणी हात न लावता ती तडकते. कुणी चूक, म्हणजे बारीक खिळा, थेट काचेला टेकवून ठोकलेली असे, गाडी गेली की तावदान खडखडे, आणि महिन्याभरात त्या चुकेपासून तडा निघे. हे सगळं तो नीट करून द्यायचा. त्यानं बसवलेली काच परत हलली, असं कुणी सांगावं आणि त्यानं जेवण टाकून धावत जावं, असा त्याचा ताठा होता.

बायको लवकर गेली. लेक दुकानातच वाढली, काचांच्या आणि भुशाच्या वासात. हिऱ्याच्या टोकानं काचेवर एका दमात रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर टिचकी मारून तुकडा सोडवायचा, हे तिला उत्तम जमायचं. बडबडी इतकी की बापाच्या वाटचंही तीच बोलून घ्यायची. जावई त्यानं स्वतः पसंत केला. गोदामावर देखरेखीची नोकरी, स्वच्छ कपडे, आवाज कधी चढायचा नाही. "बाबा, तुम्ही बसा हो, मी आणतो पाणी," असं म्हणणारा जावई बघून हा विरघळला. पोरगी गोड माणसाच्या हाती पडली, असं त्यानं स्वतःचं समाधान करून घेतलं.

लग्नानंतर काही महिन्यांत स्वयंपाकघराची काच फुटली. "वाऱ्यानं झडप आपटली, बाबा," लेक म्हणाली. वारा नव्हता. त्यानं काच बसवली. मग न्हाणीच्या दाराची फुटली. लेकीच्या मनगटाला पट्टी होती आणि ती फार बोलत नव्हती. त्यानं तीही बसवली. सख्ख्या लेकीच्या घरीसुद्धा त्याचा कायदा सुटला नाही. त्याच्या जिभेला सवयच राहिली नव्हती.

मग एक दिवस जावई दुकानात आला. "बाबा, आमची पुढची खिडकी अगदी रस्त्यावर. दिवसभर ट्रक. डोकं उठतं. तुमच्या हातचं काहीतरी पक्कं बसवून द्या, आवाज आत येता कामा नये. आणि उघडझाप नकोच, धूळ येते."

म्हाताऱ्याला मूठभर मांस चढलं. दुहेरी तावदान त्यानं लेकीसाठी जीव ओतून केलं. एक काच जाड, एक त्याहून पातळ, म्हणजे आवाज फसतो. मधे पोकळ पट्टी, पट्टीत ओल शोषून घेणारे दाणे, आणि कडेनं सांधा बुजवायचा काळा मसाला असा दाबून भरला की मुंगीला शिरायला वाव नाही. चौकटीला रबर लावलं. सगळं वाळू दिलं. मग लेकीला म्हणाला, "मी बाहेर उभा राहतो. तू आतून ओरड. अगदी जीव खाऊन ओरड, बघू काय ऐकू येतं ते."

तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. जावई त्याच्या खांद्यावर हात टाकून शेजारी. लेक काचेपाशी आली, आधी कसनुसं हसली, मग ओरडायला लागली. तोंड उघडलेलं दिसत होतं, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या दिसत होत्या, आवाज म्हणाल तर टाचणी पडल्याइतकाही नाही. पुरे, पुरे, असं त्यानं हातानं सांगितलं तरी ती ओरडतच होती. "कशी आहे कारागिरी!" म्हणत त्यानं खुशीत टाळ्या वाजवल्या. जावयानंही वाजवल्या.

त्यानंतर लेकीचं दुकानात येणं थांबलं. जावई भेटे तेव्हा सांगे, तिला बरं नसतं, तिला घर सोडवत नाही. एका दुपारी हा तिकडच्याच एका कामावरून परतत होता आणि पुढच्या खिडकीकडे बघून जागीच थांबला. दोन काचांच्या मधे खालच्या अर्ध्या भागात वाफ धरली होती. त्याचा पारा चढला, कुणावर नाही, स्वतःवर. मधे वाफ धरली म्हणजे कडेचा मसाला फाटला, ओल आत शिरली. त्याचा मसाला फाटत नसतो! पुसून जाणारी ती वाफ नसते, सगळं तावदान उतरवून नवीन करावं लागतं.

त्यानं दार वाजवलं. जावयानं दार अर्धंच उघडलं. "झोपलीय ती, बाबा. ताप आहे."

"मसाला गेलाय तावदानाचा. बदलून देतो."

"काही घाई नाही. सावकाश करा." दार लागलं.

माप जुनंच होतं, तरी सवयीनं तो खिडकीपाशी गेला आणि कोपरे तपासायला वाकला. पडदा एका बाजूनं जरा सरकलेला होता. आतल्या काचेवर, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर, गोल गोल तडे होते. एकाच जागी नव्हते. एक गोल जुना, एक त्याच्यावर चढलेला ताजा. मधल्या चुऱ्यात केस होता, लांब. त्या आपटण्याच्या हादऱ्यांनी चौकट खिळखिळी झाली होती आणि कोपऱ्यातला मसाला फाटला होता. सगळं लख्ख समजलं, आणि मग हा माणूस काय करतो? खिशातली घडीची मोजपट्टी काढून त्या तावदानाचं माप घेतो, आणि दुकानात येऊन काच कापायला घेतो! संताप येतो सांगताना. पण तो तेवढंच करायला शिकला होता.

त्यानं काच टेबलावर घेतली, तेलाचं बोट फिरवलं, हिरा टेकवला. रेघ निम्म्यावर गेली आणि हात वळला. काच वेडीवाकडी चरचरत फुटली, तुकडा तळहातात शिरला. इतक्या वर्षांत कापताना त्याची काच अशी कधी गेली नव्हती. रक्त टेबलावरून खाली गळायला लागलं तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं की आपण कशासाठी काच कापतोय. लेकीचं डोकं जिथं आपटतात ती जागा तो नव्यानं तयार करून देत होता. त्यानं हिरा फेकला, हातोडी उचलली आणि तसाच धावत सुटला.

खिडकीचा पडदा आता अर्धा तुटून लोंबत होता. वाफेच्या वर स्वच्छ दिसत होतं. जावयानं लेकीचे केस मुठीत धरले होते. तो तिला भिंतीवर आपटत होता, मग कपाटावर, मग परत भिंतीवर. घाई नव्हती, चेहऱ्यावर रागही फारसा नव्हता. तिचं तोंड उघडलेलं होतं. नाकातून हनुवटीवर रक्त आलं होतं. रस्त्यावर माणसं जात येत होती, बाजूच्या घरात शिंपीणबाईंचं मशीन खटखट चाललं होतं, आणि आतून आवाज म्हणाल तर काहीच नाही.

त्यानं दारावर लाथ घातली. दाराला आतून कडी. मग तो खिडकीकडे वळला. आयुष्यभर काचा बसवणाऱ्या त्या माणसानं आपल्या सगळ्यात चांगल्या कामावर हातोडी घातली. बाहेरची जाड काच पहिल्या घावाला नुसती तडकली. दुसऱ्याला कोसळली. आतली फुटली आणि लेकीची किंकाळी सगळ्या रस्त्यावर आली. माणसं जागच्या जागी थांबली. मशीन बंद पडलं.

चौकटीत उरलेल्या सुळ्यांनी त्याच्या मांड्या आणि पोट फाडलं, तरी तो आत पडला. जावई वळून म्हणाला, "बाबा, हे आमच्या घरातलं आहे," आणि पुढचं काही म्हणायच्या आत हातोडी त्याच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. जावयानं दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याचा गळा धरला, दोघे काचांवर पडले, लोळले. हातोडी सुटली. म्हाताऱ्याच्या हाताला एक लांब पातं लागलं, त्याच्याच काचेचं. त्यानं ते जावयाच्या गळ्याला लावलं आणि दाबलं. कातडी उघडली. आणखी जरासा जोर, की संपलं असतं. कुठली काच किती दाबानं कुठे कापते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"बाबा, सोडा!" लेक रांगत आली आणि तिनं त्याचं मनगट धरलं. "तुम्हाला आत टाकतील. मग मी कुणाकडे जाऊ?"

त्यानं पातं सोडलं. तोवर कुणीतरी फुटलेल्या खिडकीतून हात घालून दाराची कडी काढली होती आणि लोक आत घुसले होते. त्यांनी जावयाला तुडवला. पोलीस आले तेव्हा त्यांना त्याला लोकांच्या तावडीतून सोडवून वाचवावा लागला, इतकी माणसं खवळली होती.

शिंपीणबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन रडत होत्या. "पूर्वी आवाज यायचा हो. मी येऊन दार बडवायचे, की थांबायचा मेला. मग आवाज यायचाच बंद झाला. मला वाटलं, सुधारला." म्हातारा ऐकत होता. रक्ताळलेल्या हातांनी त्यानं दोन्ही कान झाकून घेतले.

दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर टाके घातले. लेकीच्या कपाळाला, त्याच्या हातांना आणि पोटाला. नर्स गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला. मग कुशीवर वळला. ज्या ओठावर मिशी धड आली नव्हती तो त्यानं दातांत धरून सोडला. विचारायला त्याला इतका त्रास झाला की लेकीला वाटलं, टाके दुखताहेत.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मी बाहेर उभा होतो. काच नवी होती. तू आतून ओरडत होतीस. काय ओरडत होतीस गं?"

तिचा एक डोळा सुजून मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं तिनं त्याच्याकडे बघितलं.

"म्हणत होते, बाबा, मला इथून घेऊन जा. बाबा, हा मला मारून टाकेल." तिची नजर त्याच्या टाके घातलेल्या हातांवर गेली. "तुम्ही टाळ्या वाजवल्यात."