दूरच्या दीर्घिकांची मोजणी

कुणी "ठरलं" म्हणालं की अण्णा तळहात पुढे करायचे. "स्वल्प थांबा. ठरवलं कुणी?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, भाजीवाल्याचा काटासुद्धा ती दोनदा बघतात. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. मी पुण्याहून संशोधन संस्थेत आलेला, त्यांच्या हाताखाली आकडेमोड करणारा आणि त्यांचा शेजारी.

साठचं दशक होतं. गॅमा किरणांत आकाश बघायची सोय अजून व्हायची होती. दूरच्या खवळलेल्या दीर्घिकांच्या रेडिओलहरी कागदी पट्ट्यांवर उंचवट्यांसारख्या उमटत. त्यांच्या नकला परदेशातून आमच्याकडे येत. दूरची लहर मंद, आणि फार पूर्वी निघालेली, म्हणून मंद उंचवटे म्हणजे साधारणपणे जुना काळ. विश्व तेव्हाही असंच होतं, हे अण्णा वर्षानुवर्षं मांडत आले होते. मंद उंचवटे प्रमाणाबाहेर निघाले, तर ते सगळं पाण्यात.

अंधुक उंचवटा खरा की नुसती खरखर, हे शेवटी डोळ्यानेच ठरवायचं. "मला हवं तेच मला दिसणार," असं म्हणून त्यांनी पट्ट्या पत्नीला, म्हणजे आमच्या अक्कांना दिल्या. अक्कांनी त्या ओसरीवर पसरल्या आणि दर उंचवट्यावर एक चिंचोका ठेवत गेल्या.

"अहो, जास्त हवेत की कमी?"

"सांगणार नाही."

"सांगायला कशाला हवं? तोंडावर लिहिलंय. कमी हवेत."

"मग ते विसर आणि मोज!"

मोजणी संपल्यावर अक्का हळूच म्हणाल्या, "जास्तच आहेत हो."

मी प्रमाण काढलं. संशयास्पद उंचवटे वगळूनही मंद फारच अधिक. म्हणजे पूर्वी अशा दीर्घिका पुष्कळ होत्या. पुढे त्या निवत गेल्या. अण्णांनी माझा हिशेब पुन्हा तपासला. "सरी," बरोबर आहे, एवढंच कानडीत म्हणाले. वार्षिक सभेत उभे राहून त्यांनी आपला सिद्धांत मागे घेतला. टाळ्या पडल्या नाहीत.

पुढे वर्षभरात ते गेले. शोकसभेत बाहेरून आलेले एक वक्ते गहिवरून म्हणाले, "त्यांचा सिद्धांत अखेरपर्यंत अढळ राहिला."

पहिल्या रांगेतून अक्का उठल्या.

"नाही हो. तो चुकला होता. त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं. तेवढं त्यांच्या नावावर राहू द्या."