शेजारच्या खाटेवरची बाटली

माझं माहेर साताऱ्याकडचं, शाळा चौथीपर्यंत. मालकांची बदली बुलढाण्याला झाली आणि वर्षभरातच सहा वर्षांच्या दिनूचं अंग सुजलं. सकाळी डोळे उघडेनात. दवाखान्यात रोज पोरांची लघवी काचेच्या नळीत तापवून बघत. दिनूची अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची. देवी आहे तरी का, असं पहिल्यांदाच मनात आलं. तरी नवस बोलले : नळी निवळ दिसेपर्यंत मीठ खाणार नाही.

डॉक्टर सांगत, "मूत्रपिंडात रक्त गाळणारा पडदा असतो. तो आईच्या पोटातच घडतो. दोन बाजूंच्या पेशी एकेक थर घालतात, मग ते थर एकजीव होतात. बाहेरच्या पेशी बोटांत बोटं गुंतवून त्याला धरून असतात. या आजारात ती बोटं सपाट होतात आणि रक्तातलं सत्त्व लघवीतून निसटतं."

मला एवढंच ऐकू आलं, की माझ्या पोटात काही चुकलं. तसं बोलूनही गेले.

"तसं नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "पडदा घडला नीटच होता, बिघडला नंतर."

शेजारच्या खाटेवर देऊळघाटच्या शांताबाईचा गजू. आजार तोच, गोळ्याही त्याच. पण आठव्या दिवशी त्याची नळी पाण्यासारखी निवळली. "अवं बाई, अशी काऊन पाहून राह्यली? माह्या पोराले नजर लावतं का?" ती हसली. थट्टाच होती, पण नजर लागलीच होती माझी. तिचं हसणंसुद्धा मला खुपायचं.

दुसऱ्या सकाळी दोघांच्या लघवीच्या बाटल्या तपासणीसाठी खिडकीत होत्या, नावाच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या. मी दोरे सोडून चिठ्ठ्यांची अदलाबदल करायला लागले. निवळ दिसलं की दिनूच्या गोळ्या कमी होणार, हे ठाऊक असूनही. देवीची खूण मीच घडवायला निघाले होते.

मागून शांताबाईनं मनगट धरलं. आता ओरडते, असं वाटलं. ती हळूच म्हणाली, "माह्याचं जाऊ दे. तुह्या लेकराच्या गोळ्या तुटतीन ना, बाई." चिठ्ठ्या तिनंच जागच्या जागी बांधायला लावल्या. "आन् मीठ खाय आता, रोज अळणीच खाऊन राह्यली. तू पडली त त्याले कोन पाहीन?"

दिनूची नळी त्या दिवशीही पांढरीच निघाली. गोळ्या चालू राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात ती निवळली, सूज उतरली. तोवर शांताबाई घरी गेली होती, कुणापाशी एक शब्द न काढता.

मी खूण मागत होते, देवीनं हात धरायला माणूस धाडलं. आता औषध वेळेवर देते, बाकी तिच्या पायाशी ठेवते. दुसरीचं पोर आधी बरं झालं तर त्याच्यासाठी हात जोडते. अजून जड जातं, पण जोडते.