भवानीनगरच्या पुढं वारा थांबला

या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचतेय. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि कुठं काय चुकलं ते सांगायचं. इथं सावली पडली, इथं कानाला भास झाला, इथं माणूस अर्धवट झोपेत होता... बारामतीत एका ज्युनियर कॉलेजला मी फिजिक्स शिकवते, एकवीस वर्षं झाली. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणारी बाई मी. त्यामुळे हे लिहायला बसायलाच मला आठ महिने लागले.

सायकल माझ्याकडे उशिरा आली. पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालण्याचा मला भयंकर कंटाळा, म्हणून मुलाची पडून असलेली गिअरची सायकल काढली. दर रविवारी सकाळी राइडला जाणारा आमच्या इथं एक ग्रुप आहे, दहा-बारा जणांचा. तिथं नाना भेटले.

नाना चंदनशिवे. वीज बोर्डातून वायरमन म्हणून रिटायर झालेले, वय त्रेसष्ट. आम्ही सगळे पॅडवाल्या चड्ड्या आणि ग्लोव्हज घालून, आणि नाना साध्या फुलपँटला घोट्याशी क्लिप लावून. हेल्मेट मात्र कधी विसरायचे नाहीत. माझ्या पहिल्याच राइडला पिंपळीपर्यंत जाता जाता माझा दम निघाला. समोरून वारा होता. नाना मागं आले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या चाकाला धरून चाला. अगदी चिकटून. भ्याचं न्हाय. वारा मी खातो, तुमी नुस्तं पाय हलवा."

पुढचा सायकलवाला वारा कापतो आणि मागच्याला तेवढं कमी बळ लागतं, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. पायांना ते कळलं त्या दिवशी. नानांच्या मागं हातभर अंतरावर वारा जवळजवळ बंदच व्हायचा. कानातला घोंघाट थांबायचा. खड्डा आला की ते मागं न बघता डावा नाहीतर उजवा हात खाली करून दाखवायचे आणि हळूच कडेला सरायचे. त्यांच्यापाठोपाठ मीही सरायची. दोन वर्षं, बहुतेक दर रविवारी, मी त्यांच्या पाठीकडे बघत सायकल चालवली. भवानीनगरला चहा व्हायचा आणि जमलंच तर तिथून पुढं शेळगाव, म्हणजे त्यांचं गाव.

आता तो दिवस.

डिसेंबरचा दुसरा रविवार होता. थंडी, उसावर धुकं, सकाळचे सव्वासात. त्या दिवशी आम्ही दोघंच निघालो होतो. भवानीनगरला चहा पिऊन उठताना मी म्हणाले, "नाना, आज मी पुढं. किती दिवस तुमच्या आडोशानं जायचं?"

ते हसले. "व्हा की. मी हाय मागं."

शेळगावच्या अलीकडं चार-पाच किलोमीटरवर मागून एक पिकअप आली. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, हे नंतर कळलं. मला फक्त आवाज आला. मागं वळून बघितलं तेव्हा नाना रस्त्याच्या खाली, उसाच्या पहिल्या सरीत पडले होते. मी त्यांच्याजवळ बसले. अँब्युलन्स आली, पण तोवर सगळं संपलं होतं.

दोन वर्षांत मी पुढं असले असा दिवस तो एकच. नेहमीसारखे नाना पुढं असते तर मागं मी असते. हे सरळ गणित होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "आम्ही मागं-पुढं चाललो होतो." कोण मागं, कोण पुढं, ते कुणी विचारलं नाही.

नानांच्या बायकोला, काकूंना, मी अंत्यविधीला भेटले ते शेवटचं. त्या नंतर शेळगावला थोरल्या मुलाकडे राहायला गेल्या. त्यांचा तीन-चारदा फोन आला. मी "कॉलेजची गडबड आहे" म्हणून लवकर ठेवला. सायकल जिन्याखाली गेली. झोप मोडू लागली. गाडीनं इंदापूरला जायचं असलं तर मी भिगवणला वळसा घालून जायची. नवऱ्याला सांगायची, तो रस्ता खराब आहे.

वर्ष झालं. शेळगावला नानांच्या पुण्यानुमोदनाचा, पहिल्या स्मृतिदिनाचा, कार्यक्रम होता. सगळ्या ग्रुपनं तिथं सायकलवर जायचं ठरवलं. मी म्हटलं, मी कारनं येते, सामानही आणता येईल. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन.

"मॅडम, तुमी गाडीत बसून येऊ नका. त्यांच्या संगट तुमीच जास्ती फिरलाय. सायकलवर या."

मी जिन्याखालची सायकल बाहेर काढली आणि हवा भरली.

आमच्या ग्रुपचा अजित, मेडिकलचं दुकान आहे त्याचं, तो सगळ्यात शेवटी माझ्यासोबत राहिला. भवानीनगरपर्यंत कशीबशी पोचले. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी पूर्वेचा वारा असतो, इंदापूरकडे जाताना तो अगदी तोंडावर येतो. त्या दिवशी तर फारच होता. चहा पिऊन बाकीचे पुढं गेले. मी आणि अजित निघालो. सायकलच्या मीटरवर तेरा दिसत होतं, मग बारा, मग अकरा. माझं जॅकेट फडफड वाजत होतं. पायांचं म्हणाल तर वर्षभर न चालवल्यामुळे गोळे आले होते. पण खरं कारण ते नव्हतं. ती जागा जवळ येत होती. मी ठरवलं की आता थांबायचं, अजितला सांगायचं, कुणाची तरी गाडी बोलाव.

आणि वारा थांबला.

मला वाटलं, पडला असेल. असं होतं. म्हणून मी बाजूला बघितलं. दोन्हीकडे उसाला तुरे आले होते आणि ते सगळे आमच्या दिशेनं झुकलेले, सळसळत होते. समोरून रस्त्यावरचं उसाचं वाळकं पाचट उडत येत होतं. म्हणजे वारा होता. तो माझ्या तोंडाला लागत नव्हता, एवढंच. जॅकेट गप्प झालं होतं. कानात घोंघाट नव्हता.

आता माझ्यातली शिक्षिका जागी झाली... हसू नका. मी सायकल फूटभर उजवीकडे घेतली. थाडकन वारा तोंडावर आला, डोळ्यांत पाणी. परत डावीकडे, जागेवर आले... शांत. पुन्हा उजवीकडे घेतली. वारा. पुन्हा जागेवर. शांत. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच. एका माणसाच्या पाठीएवढी रुंद जागा होती ती, आणि ती माझ्याबरोबर पुढं सरकत होती. समोर रस्ता मोकळा होता. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही, कसला वास आला नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण इथं काहीतरी घालून सांगायचा मोह होतो.

थोड्या वेळानं ती शांत जागा हळूच डावीकडे सरकायला लागली. माझ्या उजव्या गालाला वारा लागला, म्हणून मीही डावीकडे सरले. उजव्या बाजूनं चांगला घमेल्याएवढा खड्डा मागं गेला. मी तो पाहिलाच नव्हता.

तेव्हा मात्र मला रडू फुटलं. पाय थांबले नाहीत. मीटरवर सव्वीस होतं. भीती म्हणाल तर तसूभर नव्हती. मी फक्त त्या जागेला चिकटून राहिले, जशी दोन वर्षं राहिले होते.

मग एकदम वारा परत आला. जॅकेट फडफडलं, वेग उतरला. मी पाय टेकले आणि बघितलं तर शेळगावची पहिली घरं दिसत होती. अपघाताची जागा केव्हाच मागं गेली होती. मला कळलंसुद्धा नाही.

चारेक मिनिटांनी अजित आला, लालबुंद.

"मॅडम, काय खाऊन आलाय? असल्या वाऱ्यात? मला तुमचं चाक धरवंना!"

"तुला वारा लागत होता?"

"म्हंजे काय? नाकातोंडात माती गेली की!"

मी त्याला माझी पाण्याची बाटली दिली; बाकीचं सगळं त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

काकूंच्या घरी बुद्धवंदना झाली, नानांच्या फोटोला सगळ्यांनी फुलं वाहिली, जेवणं सुरू झाली. मी स्वयंपाकघरात गेले. काकू पातेल्यातली भाजी काढत होत्या. मी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. वाऱ्याचं नाही, आधीचं. की त्या दिवशी मी पुढं होते. हट्टानं पुढं झाले होते. मागं मी असायला पाहिजे होते.

काकूंनी पळी खाली ठेवली.

"ह्यापायी तुमी वरीसभर आला न्हाय व्हय?"

मी मान हलवली.

"आन् मला वाटायचं, तुमच्या डोळ्याम्होरं झालं, तुमी आमच्यावर रागावला. म्हातारा माणूस, त्याला कशाला पाठवला रस्त्यावर, असं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मॅडम, आदल्या सांजंला ह्ये अंगणात चेनला तेल घालत बसल्यालं. मला म्हन्ले, उद्या मॅडमला पुढं घालनार हाय. लई दिस माझ्या आडूशानं चालवली, आता त्यांना वारा कापाय येतोय का बघायचाय. तुमी न्हाय म्हनला असता, तरी त्यांनी तुमास्नी पुढं घातलंच असतं."

"खरंच म्हणाले?"

"मी खोटं कशाला सांगू? तुमचं कौतिक लई त्यांना. चहाला बसलं तरी मॅडम आन् मॅडम."

मग मी त्यांना सकाळचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मधे एकदाही तोंडानं चक् केलं नाही.

"आमच्यात असलं भूतबित कुनी मानत न्हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्यांनी तर सारी जिंदगी लोकांशी भांडून काढली ह्याच्यावरनं. पन तुमी खोटं बोलणाऱ्या न्हाय. जेवा आता. ताट गार व्हतंय."

मी दोन भाकरी खाल्ल्या. वर्षभरात असं पोटभर जेवले नव्हते. मग त्यांच्या आतल्या खोलीत सतरंजीवर "पाच मिनिटं" म्हणून आडवी झाले ते चार वाजता उठले. ग्रुप निघून गेला होता. काकूंनी कुणाला मला उठवू दिलं नव्हतं.

पुढच्या दोन रविवारी मी आणि अजित त्याच वेळी, त्याच रस्त्यावर जाऊन आलो. हँडलला रिबिनी बांधून. उंच उसाचा आडोसा, रस्त्याचं वळण, वाऱ्याचा कोन, सगळं तपासलं. रिबिनी भवानीनगरपासून शेळगावपर्यंत सरळ मागं उडत राहिल्या. मनाचा खेळ म्हणाल, तर तोही मी धरून बघितला. मनाच्या खेळानं भीती जाते, हे मान्य. पण अकराचे सव्वीस कसे होतात, आणि मागच्या माणसाच्या नाकातोंडात माती जात असताना माझ्या तोंडाला वारा का लागत नाही, हे माझ्या कुठल्याच समीकरणात बसत नाही.

आठ महिने झाले. रात्री नीट झोपते. महिन्यातून एकदा काकूंकडे जाते, कधी सायकलनं, कधी एसटीनं. हे वाचणाऱ्यांत कुणी माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं असेल आणि त्यांच्याकडे या गोष्टीचं उत्तर असेल, तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन. आणि नसेल, तरी माझं काही अडलेलं नाही.