वाटाण्याचे साडेसात महिने

वाटाण्या प्रत्येक मॅचच्या आधी ओकायचा. एकदाही चुकलं नाही. बूट चढवून झाले, नाड्या तीनदा सोडून तीनदा बांधून झाल्या की हा मैदानाच्या कडेला भिंतीपाशी जायचा, पोटातलं सगळं बाहेर काढायचा, चूळ भरायचा आणि आत जाऊन असा पळायचा की समोरची पोरं एकमेकांवर खेकसायला लागायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच, "अहो, पोराला बरं नाहीये, खेळवताय काय?" तर त्याचा कोच शांतपणे म्हणाला, "मॅडम, ये तो हर मॅच का है. जिस दिन नहीं करेगा, उस दिन मुझे टेन्शन आएगा."

मी त्याची पहिलीची बाई. कात्रप सोडून थोडं पुढे गेलं की जिथे पूर्वी बिल्डिंगी संपायच्या, तिथे आमची दोन खोल्यांची शाळा. तिथेच मी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले. फुटबॉलमधलं मला अजूनही ऑफसाइड कळत नाही. तीन जणांनी समजावून सांगितलं, चौथ्याला मी हात जोडले. पण वाटाण्याच्या मॅचला मी जायचे, आणि सबंध वेळ पदराचं टोक मुठीत धरून बसायचे.

हे नाव माझंच. पहिलीत तो इतका बारका होता की बाकावर बसला तर पाय जमिनीला टेकायचे नाहीत, आणि डोकं मात्र गोल गरगरीत. वर्गात सांडल्यासारखा कुठूनही कुठेही घरंगळत जायचा. "अरे, त्या वाटाण्याला धरा रे कुणीतरी!" असं मी एकदा म्हटलं आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच्या जर्सीवरसुद्धा तेच छापलं. तो बारका का होता, हे त्या वेळी फक्त दोघींना माहीत होतं. एक त्याची आई आणि दुसरी मी.

आता ते सांगायलाच हवं. जून उजाडला की आम्ही शिक्षक दारोदार पोरं शोधत फिरायचो. कारण पट. पट कमी झाला की शाळेतला एक शिक्षक उचलायचे, आणि मग चार वर्ग एकीनेच सांभाळायचे. त्या वर्षी मला दोन पोरं कमी पडत होती. वाटाण्याचे वडील नगरकडून आलेले, अंबरनाथला एमआयडीसीत कामाला. आई घरी. पोरगं अंगणात डाव्या पायाने नारळाची करवंटी ढकलत होतं. मी म्हटलं, "याला पाठवा शाळेत." ती म्हणाली, "बाई, लई बारकं हाय ओ. संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी पाचवं सरलं त्याचं." म्हणजे सहाला सात महिने बाकी. मी म्हटलं, "ते मी बघते." आणि रजिस्टरात जन्मतारीख लिहिली एक जून. सहा वर्षं पूर्ण.

तुम्ही शाळेत शिकवलं असेल, नाहीतर तुमच्या घरात कुणी शिकवलं असेल, तर तुम्ही आत्ता गालातल्या गालात हसला असाल. त्या पानावर माझ्या हाताने अकरा पोरं एक जूनला जन्माला घातलेली आहेत. सगळेच लिहायचे. कुणाचं वाईट होतंय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. पोरगं शाळेत आलं, शिक्षक वाचला, देवाची कृपा.

वाटाण्याचा कोच उल्हासनगरचा, कॅम्प पाच वस्तीत राहणारा सिंधी गृहस्थ. दिवसा जीन्सला बटणं बसवण्याचा धंदा आणि संध्याकाळी पोरांना घेऊन मैदानात. तो एका स्पर्धेसाठी आमच्या भागात आला, वाटाण्याला पाहिलं आणि त्याच्या आईबापांच्या मागेच लागला. रोज कात्रपहून दोन शेअर रिक्षा बदलून पोरगं कॅम्प पाचला जायचं. नऊ वर्षांचं. आईचा जीव टांगणीला. मी तिला म्हटलं, "अगं, जाऊ दे, अंगात किडे आहेत, खेळून मोकळे होतील." तरी सात वाजले की मीही गॅलरीत येऊन बघायचे, आलं का ते कार्टं.

आलं की आधी माझ्या दारात. "बाई, आज दोन मारले." मग लगेच दुसरं वाक्य, "शनिवारी होईल ना, बाई?" हे त्याचं पालुपद होतं. परीक्षा असो, मॅच असो, आईचा ताप असो. होईल ना, बाई? मी म्हणायचे, "न व्हायला काय झालंय? गिळ आता ते पोहे." तेवढ्यावर त्याचं समाधान व्हायचं. मी म्हटलं की होतंच, असा त्याचा ठाम समज होता, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

दुसरी एक खोड म्हणजे चांगल्या बातमीला हा घाबरायचा. राज्याच्या निवडीत नाव आलं तेव्हा कोचने पेढे वाटले, याने पेढा खिशात ठेवला. "आधी खेळू दे, मग खाईन." पेढ्याचं पार पीठ झालं. मी रागावले, "अरे, आनंद झाला तर तोंडावर दिसू दे की जरा!" तर म्हणाला, "बाई, दिसला की कुणीतरी काढून घेतं." कुठून शिकला होता असलं, देव जाणे. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

आणि मग ती बातमी आली. एका मोठ्या प्रोफेशनल क्लबने त्याला सतरा वर्षांखालच्या टीमसाठी निवडलं. राहणं, खाणं, शाळा सगळं तिकडेच. चांगला खेळला तर पुढे करार. बाप कारखान्यातून अर्धी सुटी घेऊन घरी आला आणि नुसता बसून राहिला. क्लबने जन्मदाखला मागितला. दाखला आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीतून आणला, त्यावर जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर आदल्या वर्षाचा एक जून. जानेवारी धरली तर तो टीममध्ये बसतो, जून धरला तर वय उलटून गेलेलं. कोच धावतपळत माझ्याकडे आला. "मॅडम, लडका सोना है. लेकिन पेपर में गडबड है. इनको लगेगा उमर चुराई है." महिनाअखेरीपर्यंत नोंदणी. अठरा दिवस हातात होते.

क्लबने मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. हाडांवरून वय कळतं म्हणे. त्या दिवशी जाताना वाटाण्या मला म्हणाला, "माझ्या हाडांना तरी खरं माहीत असेल ना, बाई?" एक्स-रे चांगला आला. पण क्लबचं म्हणणं, कागदही जुळला पाहिजे, शाळेची नोंद दुरुस्त करून आणा. शाळेतले नवे मुख्याध्यापक म्हणाले, "मी प्रस्ताव तालुक्याला पाठवतो, पण नोंद ज्यांनी केली त्यांचं लेखी पाहिजे. तारीख कशी पडली ते."

म्हणजे माझं लेखी. मी, पटासाठी, जाणूनबुजून, चुकीची तारीख लिहिली, असं.

घरी येऊन सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, काही लिहून देऊ नकोस. एक पोरगं नाही, अख्खं पान उघडं पडेल. चौकशी लागली आणि पेन्शन अडकली तर काय करशील?" मला ते पटलं. पटलं काय, मला ते ऐकायचंच होतं. वाटाण्या आला तेव्हा मी सांगितलं, "दोन दिवसांनी ये, जुने कागद बघते." कागद कसले बघायचे होते? माझंच अक्षर होतं.

दोन दिवसांनी तो आला तेव्हा सुनेने सांगितलं, आई बँकेत गेल्यात. पुढच्या वेळी, देवळात गेल्यात. मग, बहिणीकडे गेल्यात. मी आतल्या खोलीत पलंगावर बसलेली, पंखासुद्धा बंद करून, आवाज नको म्हणून. बाहेर त्याचा आवाज यायचा, "बरं वहिनी, परत येतो." परत येतो, इतकंच. सुनेला लाज वाटायची, ती माझ्याकडे बघायची नाही. असे नऊ दिवस गेले. एकेका मुलाला खडू चोरला म्हणून उभं करणारी बाई मी, आणि सोळा वर्षांच्या पोराला घाबरून दडून बसले होते.

दहाव्या दिवशी सकाळी तो चौथ्यांदा आला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. सुनेने नेहमीचं सांगितलं. तो जिना उतरला, गेटपर्यंत गेला, गटाराच्या कडेला वाकला आणि ओकला. मॅच नव्हती, काही नव्हतं. माझ्या दारात यायचं म्हणून त्याचं पोट ढवळलं होतं. मी दार उघडून हाक मारणार, तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता.

तेव्हा मी लिहिलं. एका दमात, दीड पान. मुलाला विचारलं नाही. रिक्षा केली, शाळेत जाऊन सही-शिक्का घेतला, तशीच अंबरनाथला तालुक्याच्या ऑफिसात. तिथला क्लार्क कागद वाचून म्हणाला, "बाई, असं कुणी लिहून देतं का?" मी म्हटलं, "मी दिलंय ना, पुढे सरकवा." तो वाईट माणूस नव्हता, पण साहेब मीटिंगला, मग रविवार, मग वरून एक शिक्का. रोज मी तिथल्या बाकड्यावर जाऊन बसायचे, डबा घेऊन. कोच फोन करायचा, "मॅडम, कितना टाइम?" दुरुस्त दाखला हातात आला तेव्हा क्लबची नोंदणी संपून दोन दिवस झाले होते.

कोचने आणि त्याच्या आईबापांनी खूप हातापाया पडून पाहिलं. नोंदणीची खिडकी बंद झाली होती. माझी चौकशी वगैरे काही झाली नाही, पेन्शनला कुणी हात लावला नाही. अकरा पोरांचं ते पान अजून तसंच आहे. मी ज्याला भ्यायले ते घडलंच नाही, आणि वाटाण्याचं वर्ष मात्र गेलं.

क्लबने त्याला काढलं नाही, एवढं नशीब. वर्षभर त्याने मोठ्यांच्या टीमबरोबर नुसता सराव केला. मॅच एकही नाही. मॅचच्या दिवशी हा बाटल्या भरून द्यायचा आणि कडेला बसायचा. त्याच्या वयाची पोरं खेळून नाव करत होती, निवड करणारे त्यांना बघून जात होते. पुढच्या वर्षी खेळायला मिळालं, पण पाय तेवढा मोकळा सुटत नव्हता म्हणे. दोन वर्षांनी क्लबने निरोप दिला, आभाराची चिठ्ठी दिली. घरी आल्यावर तो पूर्वीसारखाच माझ्याकडे यायचा, पोहे खायचा. फक्त ते पालुपद बंद झालं होतं. होईल ना, असं त्याने मला पुन्हा कधी विचारलं नाही. किती वेळा वाटलं, म्हणावं, विचार ना रे मेल्या.

पोरगं चिवट, त्याने सोडलं नाही. कॅम्प पाचच्या मैदानावर लहान पोरांना शिकवलं, एकट्याने पळला, कोचने शंभर जणांना फोन केले. शेवटी दक्षिणेकडच्या एका छोट्या क्लबने त्याला एका वर्षाचा करार दिला. एकोणिसाव्या वर्षी. आता त्याच्या मॅच मोबाइलवर दिसतात. नात लावून देते. तो चेंडूवर आला की मी डोळे मिटते आणि तिला विचारते, "पडला का? उठला का?" पुढच्या उन्हाळ्यात करार संपेल. वाढवला तर वाढवला. घरात कुणापाशी बोलत नाही, पण कॅलेंडरवर महिने मोजते.

दक्षिणेकडे जायच्या आदल्या दिवशी तो माझा निरोप घ्यायला आला होता. बॅग भरून झाली होती, आई घरी लाडू वळत होती. मी त्याला बसवलं आणि तीन वर्षं दडवलेलं एकदाचं बोलले. "वाटाण्या, तेव्हा तू यायचास ना सहीसाठी, मी घरातच असायचे रे. दर वेळी. मी भ्यायले होते. तुझं वर्ष मी घालवलं."

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. म्हणाला, "माहीत होतं, बाई. तुमच्या चपला दारातच असायच्या."

"मग आत का नाही शिरलास? ओरडायचंस. कोचला घेऊन यायचंस माझ्या दारात!"

"सर येणारच होते. लय भडकले होते, बोलले चल, बघतो मी त्या मॅडमला." तो जरासा हसला. "मीच नको बोललो. त्यांना सांगितलं, बाई खूप आजारी आहेत, अंथरुणातून उठवत नाहीये त्यांना. आईला पण तेच सांगितलं. तिला अजून तेच वाटतं."

मग तो उठला, वाकून पाया पडला. खोटं बोलायचं नाही, काही झालं तरी बोलायचं नाही, हे या पोराला पहिलीत मीच शिकवलं होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.