रहीमचाचाच्या स्लॅबवरचे साहेब

आता माही अब्रू मीच काढतो, तुमाले तरी कायले मेहनत! चहा घ्या, हसा. फक्त घरी जाऊन बायकोले विचारू नका. ती हा किस्सा माह्यापेक्षा चांगला सांगते.

मी फिजिक्सचा मास्तर. अकोल्यात घरीच, खालच्या खोलीत माहा क्लास हाय. आता अकोल्यात दगड भिरकावला तं तो एक तं कूलरले लागते, नाही तं क्लासच्या बोर्डाले. माह्याही बोर्डावर नावापुढं मोठ्ठ्या अक्षरात 'सर' लिहिलेलं. त्या 'सर'वरच आमचं घर चाले.

तं झालं असं, अकोटचा एक मेकॅनिक आला अन् आमच्या छत्रीले एक काळा डबा जोडून गेला. डिशले आमच्याकडं छत्रीच म्हणतात. रिमोटनं त्यानं कायतरी आकडे टाकले, अन् काय सांगू! कंपनीनं कुलूप लावलेले, पैसे भरल्याशिवाय न दिसणारे, सगळेच्या सगळे चॅनल फुकट! मले ना त्यातल्या भाषा समजत, ना खेळ. पण फुकट हाय म्हटल्यावर मी तासन् तास बर्फावरच्या घसरगुंडीच्या शर्यती पाहत बसे. अकोल्यात! एप्रिलमध्ये!

बायको, म्हणजे आमची मंगला, म्हणाली, "आवो, हे चोरी नाही का?"

"चोरी?" माह्यातला मास्तर जागा झाला. "मी कंपनीच्या घरात घुसलो काय? लाटा पाठवतात ते, पडतात माह्या स्लॅबवर. माह्या टकलातून आरपार जातात, मले न विचारता. उलट त्यायनंच मले भाडं द्याले पाहिजे!"

हा सिद्धांत मलेच इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी विद्युतचुंबकीय लहरी शिकवताना भर क्लासात ठोकून देला. माइकवर! पोट्टे लय हसले. मी अजून फुगलो.

माइक काहून, म्हणता? कूलर ना बाप्पा! शेजारचे रहीमचाचा कूलर बनवतात. क्लासात त्यायचाच कूलर लावलेला, म्हणजे हवा झुळकीची अन् आवाज विमानाचा. तो सुरू झाला की मागच्या बाकांवर मास्तरचं नुसतं तोंड हलताना दिसे. म्हणून कॉलरले लावाचा बिनतारी माइक घेतला, अन् खिडकीत एक दणकट स्पीकर टांगला.

त्या साली खेड्यापाड्यात लय वाईट दिवस होते. सोयाबीन गेलं, कापसाले भाव नाही. बाहेरगावची पोरं एकेक करून गळाली. "सर, फी पुढल्या सीझनले देतो," म्हणत. मी म्हटलं, "बाबू, हा क्लास हाय, धर्मशाळा नाही." गेली बिचारी. मले वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते टीव्ही लावेपर्यंतच वाटलं.

अन् एक दिवस जेवता जेवता मंगला म्हणाली, "आवो, रहीमचाचाच्या स्लॅबवर सकाळी लोकं येऊन बसतात. तुमचा क्लास सुरू झाला की येतात, संपायच्या आत जातात."

"कोण लोकं?"

"काय माहीत! तोंडाले दुपट्टे गुंडाळलेले. नुसते डोळे दिसतात. आपल्या घराकडं पाहतात अन् लिहीत राहतात."

आता अकोल्याच्या उन्हात तोंडाले दुपट्टा कोण गुंडाळत नाही? चोर गुंडाळते, पोलीस गुंडाळते, लग्नाले चाललेला नवरदेवही गुंडाळते. पण आपल्या घराकडं पाहून लिहितात म्हटल्यावर मी ताट बाजूले सरकवलं. आमच्या घरावर लिहिण्यासारखं होतं काय? छत्री!

"कंपनीचे साहेब हायेत," मी म्हटलं. "धाड टाकाच्या आधी पाळत ठेवून राहिले."

"मंग डबा काढून टाका ना!"

"येडी झाली का? आता काढला तं मनात चोर होता हे पक्कं होईन. छत्री झाक!"

छत्रीवर गोधडी टाकली. दुसऱ्या दिवशी मंगला म्हणते, "आज जास्त लोकं होते. गोधडीकडं बोट दाखवून हसून राहिले." मंग छत्री आडवी केली अन् तिच्यात कुरड्या वाळत घातल्या. चॅनल गेले, कुरड्या चिमण्यांनी खाल्ल्या, अन् साहेब लोकं काही हलले नाहीत.

शेवटी रहीमचाचाले गाठलं. चाचा पत्रा ठोकून राहिले होते.

"चाचा, सकाळी तुमच्या स्लॅबवर कोण येते?"

चाचानं हातोडी खाली ठेवली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "कोई नहीं मास्टर. शरीफ लोग है. अपना काम करते, चले जाते."

"अजून किती दिवस येतीन?"

"काम पूरा होये तक."

"मले काही त्रास तं नाही ना?"

"तुमको?" चाचा हसले. "अरे, तुमसेच तो काम है उनका!"

मेलो ना भाऊ! डोळ्यापुढं पेपरातली बातमी नाचाले लागली. बोर्डावरचं 'सर' एकदा पुसलं गेलं तं खावं काय? कोणता बाप आपलं लेकरू चोराकडं फिजिक्स शिकाले पाठवीन?

रातभर झोप नाही. सकाळी ठरवलं, धाड येण्याआधी आपणच शरण जावं. पोरायले गणितं सोडवाले देली, डबा टॉवेलात गुंडाळला अन् चाचाच्या जिन्यानं वर चढलो. वर कूलरच्या रिकाम्या डब्यायची रांग, अन् त्यायच्या सावलीत दुपट्टेवाले बसलेले. मले पाहून सगळे ताडकन उभे राहिले. मी डबा त्यायच्या पायाशी ठेवला अन् हात जोडले.

"साहेब, चूक झाली! कुलूप तोडून फुकट पाहिलं! बर्फावरच्या शर्यतीबी पाहिल्या! जे करता ते करा, पण पोटावर पाय देऊ नका!"

खालून असा खदखदा हसण्याचा आवाज आला म्हणता! कॉलरवरचा माइक काढाचा राहिलाच होता. माहा कबुलीजबाब स्पीकरमधून क्लासभर अन् वरून गल्लीभर पोचला होता.

इकडं साहेबायनं हळूच दुपट्टे सोडले. संदीप, वैशाली, अन् बाकीची. फीपायी मी घरी पाठवलेली माहीच पोरं!

भीती गेली अन् डोकं फिरलं. "चोट्टेहो! फी न भरता क्लास चोरून राहिले?"

वैशाली खाली मान घालून म्हणाली, "सर, आमी तुमच्या घरात आलो काय? आवाज चाचाच्या स्लॅबवर येऊन पडते. तुमीच तं शिकवलं."

खाली टाळ्या पडल्या, बाप्पा! पैसे भरलेल्या पोरायच्या टाळ्या.

तोवर चाचा वर आले. "गुस्सा मत करो मास्टर. इनके घर में पैसा नहीं, मगर पढाई छोडना नहीं चाहते. अपने पास देने कू छाव है, वो दे दिया."

मले अशी लाज वाटली म्हणून सांगू! मी घसरगुंड्या पाहासाठी कुलूप तोडलं, अन् ही पोरं माह्या रटाळ फिजिक्ससाठी या उन्हात स्लॅबवर बसली. मी कोणाले चोर म्हणू? म्हटलं, "चला रे, खाली येऊन बसा. फी-बी राहू द्या."

पोरं एकमेकायकडं पाहाले लागली. संदीप डोकं खाजवत म्हणे, "नको सर. खाली कूलरचा आवाज लय हाय. इथं चांगलं ऐकू येते. फक्त तो स्पीकर जरा इकडं फिरवता का? तुमी फळ्याकडं वळले की आवाज तुटते."

खाली आलो तं मंगला पदर तोंडाले लावून दारात उभी. "मंग? काय म्हणाले साहेब?"

"तक्रार हाय त्यायची," मी म्हटलं. "फुकटाचं नीट येत नाही म्हणे. स्टूल आण."