न विचारता काढलेला चौक

इथे आखातात, सित्र्याच्या कारखान्यातला हा वेल्डर डहाणूकडचा वारली आहे. बोलण्याआधी तो रुमालाने हात पुसतो, हात स्वच्छ असले तरी.

माहूजमधल्या आमच्या मराठी वर्गात मी त्याला आदिवासींचा इतिहास सांगायला बोलावलं आणि मुलांसमोर हातात खडू देऊन म्हटलं, "दादा, लग्नाचा चौक काढा."

त्याने हात पुसले. "मास्तर, तो लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी काढतात. मी कसा काढू?"

मुलं भिंतीकडे पाहू लागली. तिथला चौक मीच रंगवला होता, आदिवासींच्या सन्मानासाठी म्हणून.

"मग हा पुसून टाकू?"

"पुसू नका. खाली लिहा, न विचारता काढलाय."

खडू माझ्या हातात देऊन तो मुलांच्या बाकावर बसला आणि मी लिहीपर्यंत उठला नाही.