पाच किलोमीटरला एक शर्ट

आमच्या हिला गल्लीत सगळे ‘पळपुटी’ म्हणतात. बाई आहे टेलर, वय बावन्न, आणि दर रविवारी उजाडता उजाडता कालव्याच्या रस्त्यानं तीस किलोमीटर पळते. मी प्लंबर माणूस, दोन जिने चढलो तरी धाप लागते. पण तिला एकटीला सोडवत नाही, म्हणून पाण्याची बाटली आणि केळी पिशवीत टाकून, कुरकुरत, सायकलवरून शेजारून जातो.

लोक विचारतात, एवढा वेळ पळायचं म्हणजे कंटाळा येत नसेल का हो? येतो की! पायांच्या आधी डोकं कंटाळतं, असं ती सांगते. गाणी लावून बघितली, झाडं मोजून बघितली, काही जमेना. शेवटी तिनं स्वतःचा धंदाच रस्त्यावर आणला. पळता पळता मनातल्या मनात शर्ट शिवते, आणि तेही मोठ्यानं बोलत: “कापड बेतलं. पाठ कापली. पुढचे दोन भाग कापले. खिसा लावला. बटणपट्टी. खांदे जोडले. कॉलर. बाह्या. बाजू शिवल्या. कफ. खालचा घेर दुमडला. काजं. बटणं.” पाच किलोमीटरला एक शर्ट, आणि प्रत्येक शर्टाला गिऱ्हाईक ठरलेलं. किराणावाल्याच्या शर्टाला पोटाशी चार बोटं जास्त सोडते आणि पळता पळता त्याच्या पोटाला नावं ठेवते. सहा वर्षं ऐकून ऐकून मला सुईत दोरा ओवता येत नसला तरी शर्ट तोंडपाठ झालाय.

आता हे सगळं कशासाठी, तर भीतीपोटी. हिची ताईही टेलर, हिला शिकवलं तिनंच. एकदा तिनं शेजारच्या मुलीसाठी फ्रॉक शिवला, झालर, बटणं, सगळं बेस्ट. फक्त गळाच कापायला विसरली. डोकं घालायला जागाच नाही! आम्ही पोट धरधरून हसलो. दोन वर्षांनी ताई हातात कात्री धरून विचारत होती, “ह्याचं काय करतात गं?” आज ती आमच्याच मागच्या खोलीत बसून असते आणि बहिणीला ‘बाई’ म्हणून हाक मारते. तेव्हापासून हिनं पळणं धरलं. पाय चालले की डोकं चालेल, असं तिचं म्हणणं. खरंखोटं देव जाणे.

तर एका रविवारी, डॉक्टरांचा शर्ट चालू होता. “खांदे जोडले. बाह्या. बाजू शिवल्या…”

कॉलर कुठाय? म्हटलं, आपल्या कानांचा दोष असेल. ती पुढं निघून गेली, कफ, घेर, काजं. मला टोकायचं होतं, पण जीभच उचलेना. एकदा बोललो की ते खरं होणार, असं काहीतरी मूर्खासारखं वाटलं.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. दुपारी नळ दुरुस्तीची कामं टाकून तिच्या दुकानात जायचो आणि हँगरवरचे शर्ट चोरून तपासायचो. सगळ्यांना कॉलर होती. तिनं भाजीत मीठ घातलं की मी आधी चव घ्यायचो. चष्मा शोधायला लागली की मी तिच्या मागं मागं फिरायचो.

पुढच्या रविवारी खिसा गळाला. मी मूग गिळून सायकल चालवली.

घरी आल्यावर ती पायरीवर बसली. बुटाची नाडी हातात, सोडेना. “तुम्ही ऐकता का हो, मी बोलते ते?”

“ऐकतो की.”

“मग त्या दिवशी कॉलर राहिली. आज खिसा. बोलला का नाहीत?”

मी सायकल भिंतीला टेकवायला वळलो.

“मुद्दाम सोडलं होतं मी. दोन्ही वेळा.”

माझं टाळकंच सटकलं. “अगं, काळजी करून करून अर्धा झालो मी! आठ दिवस जीव टांगणीला लावलास, आणि वर मुद्दाम म्हणतेस?”

ती चिडली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, “एरवी माझी चूक काढायला तुम्हाला मुहूर्त लागत नाही. आणि ह्याच चुकीला गप्प? ताईच्या फ्रॉकला आपण हसलो, पण तिला जवळ बसवून कुणी सांगितलं नाही. मला कुणीतरी सांगायला हवं. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते.” आणि रडली. मी तिचे बूट काढले आणि शब्द दिला.

मग तो खेळच झाला. ती दर रविवारी एका शर्टातलं एक काम गाळायची, मी ओरडायचो, “बाही!” की ती हसून म्हणायची, “पकडली!” तीस किलोमीटर कसे सरायचे कळायचं नाही. माझासुद्धा कंटाळा पळाला.

परवाच्या रविवारी पाचवा शर्ट, पोस्टमनचा. तेविसावा किलोमीटर. “कफ. घेर दुमडला. बटणं.”

“काजं!” मी खुशीत ओरडलो. “काजांशिवाय बटणं कशात घालणार, बाईसाहेब?”

ती हसली नाही. चार पावलं गेली आणि थांबली. सहा वर्षांत ती मधे कधी थांबली नव्हती.

“काजं सोडली मी?”

“हो. मुद्दामच ना?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “नाही. मी आज खांदे सोडणार होते. पुढच्या शर्टात.”

मी सायकल तशीच आडवी टाकली. झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली. मग तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणालो, “पहिल्यापासून सांग. चालत चालत. मी आहे.”

“कापड बेतलं,” ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.

“बरोबर,” मी म्हणालो. “पुढे?”